बहिणीच्या घरी गाणारा पक्षी

दहबिया सून होऊन आमच्या इमारतीत आली तेव्हापासून मी तिला ओळखते, आणि तिच्याबद्दल पहिली गोष्ट सांगायची तर ती हेवेखोर आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. माणसाबद्दल लिहायचं म्हणजे आधी पानभर गुण आणि मग भीत भीत एखादा दोष, ही रीत मला कधी पटली नाही. दहबियातून हेवा काढून टाकला तर मागे एक जरीकाम करणारी विधवा बाई उरेल, आणि तशा आमच्या बाब-एल-वेद वस्तीत गल्लोगल्ली आहेत.

तिचा हेवा सगळ्या जगाचा नव्हता, तेवढा वेळच नव्हता तिला. तो एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता. तिची धाकटी बहीण, हुरिया.

दोघी एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या घरांत. आमची इमारत फ्रेंचांच्या वेळची. मधोमध हवेसाठी वरपासून खालपर्यंत उभी पोकळी सोडलेली, तिला आम्ही विहीर म्हणतो. सगळ्यांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं त्या विहिरीत उघडतात. कोणाचे सार्डिन करपले, कोणाची सून माहेरी फोन लावून रडतेय, सगळं त्यातून वर येतं. मी दहबियाच्या बरोबर वरच्या मजल्यावर. सगळी हयात शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे इमारतीत मला अजून मादाम म्हणतात. या गोष्टीतलं पुष्कळसं मी विहिरीतून ऐकलं आहे. कान देऊन ऐकावं लागलं नाही. खिडकी उघडी ठेवली की पुरे.

हुरिया जन्मली तेव्हा अशक्त होती, म्हणून तिला सांभाळायला दहबियाची शाळा सुटली. पुढे हुरिया शिकली. हुरियाचं लग्न ठरलं तेव्हा तिचा कराकू, म्हणजे नवरीचं मखमली जाकीट, दहबियाने दोन हिवाळे बसून जरीने भरला. मी तो पाहिला आहे. तसं काम तिच्या हातून पुन्हा झालं नाही. लग्नात हुरियाने तो तासभर अंगात घातला आणि सगळं दालन म्हणालं, "काय दिसतेय हुरिया!" कोणी शिवला, एकीनेही विचारलं नाही. दहबियाने मोजायला सुरुवात केली ती तिथून. सब्जाच्या एकाच झाडाची दोन रोपं दोघींनी नेली, दहबियाचं वाळलं, हुरियाचं कठड्यावरून खाली लोंबायला लागलं. एकच पीठ, एकच खमीर, फुगायची हुरियाची भाकरी. आणि म्हातारपणी त्यांची आई मोठीकडे राहायचं सोडून धाकटीकडे गेली. का, तर "तुझ्याकडे ते मशीन दिवसभर धडधडतं ग, हुरियाकडे कसं शांत वाटतं." त्या मशीनवरच सगळ्यांचं पोट चाललेलं. पण ते आईला कोण सांगणार?

एका बाबतीत मात्र पारडं दहबियाकडे होतं. तिला मुलगा होता, लुनीस. हुरियाला मूल नव्हतं. दहबियाने हे कधी बोलून दाखवलं नाही. विसरलीही नाही.

लुनीस तिकडे वाळवंटात तेलकंपनीच्या तळावर स्वयंपाकी. वर्षातून दोन-चारदा घरी यायचा. मागच्या वसंतात आला तो हातात कापडाने झाकलेला पिंजरा घेऊन.

"यम्मा, एकटी असतेस दिवसभर. तुला सोबत."

कापड काढलं. आत मक्नीन. एवढासा जीव, तोंडावर लाल रंग सांडल्यासारखा, पंखांवर पिवळा पट्टा. आमच्या शहरातले पुरुष बायकोचा वाढदिवस विसरतील, पण मक्नीनची पिसं झडायच्या दिवसांत घरात मोठ्याने बोलणार नाहीत. त्याला पकडायला कायद्याने बंदी आहे, आणि दर शुक्रवारी बाजारात पिंजऱ्यांच्या रांगा लागलेल्या असतात. लुनीसला पक्ष्यांतलं कळतं. बाजारभर फिरून, कान लावून त्याने हा निवडला होता. "याचा शेवट ऐक यम्मा. लांब स्वर घेतो आणि मग पाणी ओतल्यासारखा खाली येतो. असा शेवट आता मिळत नाही."

तो गेला, आणि पक्षी गाईना.

गाणं दूरच, तो पिंजऱ्यात नुसता आपटायचा. दहबियाने मशीनच्या पायपट्टीवर पाय ठेवला की हा गजांवर छाती मारायचा. कपाळाचं कातडं सोललं, रक्त आलं. तिने पिंजरा खिडकीत टांगला, स्वयंपाकघरात टांगला, निजायच्या खोलीत टांगला. घर दोन खोल्यांचं, मशीन सगळीकडे ऐकू यायचं. आणि मशीन थांबवायची सोय नव्हती, लग्नसराई तोंडावर होती.

"मादाम, हा पक्षी माझा जीव घेणार," एकदा ती जिन्यात मला म्हणाली.

"तो एवढासा, तू एवढी. कसा घेईल?"

"हसा. माझ्याकडे बघतो ना, ते डोळे बघा त्याचे. शत्रू असल्यासारखा बघतो. रोज अंडं उकडून घालते. माझ्या नवऱ्याला मी रोज अंडं उकडून दिलं नाही."

मग कराकूचं प्रकरण झालं. एका नवरीची आई ठरलेल्या दिवशी जाकीट न्यायला आली. दहबियाने ते अंथरलं, तर जरीच्या फुलांत बियांची टरफलं अडकलेली, आणि लालभडक मखमलीवर, बरोबर छातीच्या जागी, पक्ष्याने आपली खूण ठेवलेली. ती बाई जे बोलली ते मी खिडकी न उघडताही ऐकलं असतं.

संध्याकाळी दहबिया पिंजरा घेऊन माझ्या दारात उभी.

"मादाम, तुम्ही घ्या हा."

"मी? कलकलाट नको म्हणून तर मी शाळेतून सुटले."

"मग काय करू? सोडून दिला तर लुनीस काय म्हणेल? मेला तर काय म्हणेल?"

"समोर दे. हुरियाकडे मशीन नाही, पोर नाही, दिवसभर काम नाही. तिच्याकडे शांत राहील."

मी हे सरळ मनाने सांगितलं. व्यवहाराची गोष्ट होती. दहबियाचा चेहरा मात्र असा झाला, जणू मीच तिच्या मखमलीवर ती खूण ठेवली.

पण दिला तिने. दुसरा उपाय नव्हता. मी तिच्याबरोबर होते, नाहीतर ती उंबऱ्यावरून परत फिरली असती.

"लग्नसराई संपेपर्यंतच," ती हुरियाला म्हणाली. "आणि पिंजरा लुनीसने घेतलेला आहे. भिंतीला घासू देऊ नकोस."

"नाही घासू देणार, लल्ला." मोठ्या बहिणीला ती लल्ला म्हणते, ताई म्हणावं तसं.

"अंडं रोज. फार कडक नाही."

"बरं लल्ला."

हुरिया मऊ बोलणारी बाई. तिच्याशी भांडायला गेलं तर भांडण हातातून सुटून पडतं. दहबियाला याचाही राग होता.

दोन-तीन दिवस गेले असतील. मी कॉफी ठेवत होते, आणि विहिरीतून ते वर आलं. आधी बारीक चिवचिव, मग एक सरळ लांब स्वर, आणि मग खरोखर कोणी तांब्याच्या सुरईतून पाणी ओतावं तसा तो खाली उतरला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण कॉफी उतू गेली. खाली दहबियाचं मशीन थांबलं. बराच वेळ पुन्हा सुरू झालं नाही.

तेव्हापासून तिचं सुख संपलं. हुरियाचा नवरा स्लिमान टॅक्सी चालवतो, मुखदुर्बळ माणूस. तोसुद्धा बोलायला लागला. सुट्टीच्या दिवशी पिंजऱ्यावर पांढरं कापड घालून तो पक्ष्याला त्या चहाच्या दुकानात न्यायला लागला, जिथे मक्नीनवाले जमतात. खालच्या रस्त्यावर माणसं माना वर करून उभी राहायची. हुरियाने पक्ष्याचं नाव बाशा ठेवलं. दहबियाकडे होता तेव्हा त्याला नावच नव्हतं, "तो" होता. आता भाजीवालासुद्धा दहबियालाच विचारायचा, "काय म्हणतोय तुमच्या बहिणीचा बाशा?"

तिच्या बहिणीचा. हा शब्द ती घरी येऊन मला म्हणून दाखवायची, जणू भाजीवाल्याने शिवी दिली.

"मग परत आण," मी म्हणाले.

"आणू आणि काय करू? इथे आपटून मरू दे?"

"मग तिथे गातोय त्यात आनंद मान."

"मानते ना. फार आनंद होतो." आणि दातांनी दोरा तोडला.

त्यात लुनीसचे फोन. तिने त्याला पक्षी दिल्याचं सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? मुलाने आईला सोबत आणून दिली आणि आईला ती सांभाळता आली नाही, बहिणीला आली. ते तिच्या तोंडून निघेना. लुनीस विचारायचा, "यम्मा, गातो का?" आणि दहबिया न्हाणीघरात जायची, फोन धरलेला हात विहिरीत लांब करायची. पलीकडून बाशा गायचा. मी वरून बघत असे, एक हात बाहेर, बांगड्या मागे सरकलेल्या.

"ऐकलंस?"

"वा यम्मा! तुझ्या हाताला गुण आहे."

फोन ठेवून ती बराच वेळ न्हाणीघरातच बसायची. मुलगा ज्या गुणाचं कौतुक करत होता, तो पलीकडच्या खिडकीत होता. चोरलेल्या पक्ष्यावर शाबासकी घ्यावी लागावी, आणि तो पक्षी मुळात आपलाच असावा, यापेक्षा जास्त जळायला माणसाला काय लागतं?

लग्नसराई संपली. दहबिया नवीन झगा घालून पक्षी आणायला गेली. मला साक्षीला घेऊन गेली, कारण हुरिया टाळाटाळ करील अशी तिची खात्री होती. हुरियाने दार उघडलं, आनंदाने आत घेतलं. बाशा खिडकीजवळ एका पायावर उभा होता, फुगून, अगदी निवांत. दहबिया पिंजऱ्याकडे दोन पावलं गेली आणि तो उसळला. गजांवर, वाटीवर, पुन्हा गजांवर. पिसं उडाली.

हुरियाने बहिणीच्या दंडाला हलकेच धरलं. "लल्ला, जरा मागे सर. घाबरतो तो तुला."

मी त्या क्षणी दहबियाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आता काहीतरी होणार. मुलं वर्गात अशी गप्प झाली की मी खडू ठेवून वळून बघत असे.

तिने झगा सावरला. "राहू दे इथेच थोडे दिवस," म्हणाली आणि निघाली.

उन्हाळा उतरायला लागला. बाशाची पिसं झडायला लागली. या दिवसांत मक्नीन गात नाही. तो ऐकतो. आमच्याकडची शेंबडी पोरंही हे जाणतात. अंधारात, कापडाखाली बसून जे कानावर पडेल ते तो पितो, आणि नवी पिसं आली की तेच गळ्यातून बाहेर काढतो. म्हणून या दिवसांत त्याला चांगल्या गवई मक्नीनचं गाणं ऐकवतात, आणि चिमणीपासून, विशेषतः कॅनरीपासून, जिवापाड जपतात. कॅनरीची गुळण्या केल्यासारखी तान एकदा मक्नीनच्या गळ्यात शिरली की तो बिघडला. जाणकार मग त्याच्यासमोर चहाही पीत नाहीत. स्लिमानने पिंजरा स्वयंपाकघरात, विहिरीच्या खिडकीशी ठेवला, झाकला, आणि शेजारी एका नामी मक्नीनचं ध्वनिमुद्रण बारीक आवाजात लावून तो टॅक्सीवर जायचा.

आणि एका सकाळी खालून, दहबियाच्या न्हाणीघरातून, मला गुळण्या ऐकू आल्या.

मी चपला घालून खाली गेले.

"दहबिया, न्हाणीघरात काय आहे?"

"नळ गळतोय."

"नळाला चोच असते का?"

मी पडदा सरकवला. विहिरीच्या खिडकीशी पिंजरा, आत पिवळाधमक कॅनरी, छाती फुगवून गातोय. शुक्रवारच्या बाजारातून आणलेला, सर्वांत जास्त बडबड करणारा कोणता असं विचारून. स्लिमानची टॅक्सी गेली की ती पडदा सरकवायची आणि मशीन सुरू करायची. मशीनच्या आवाजावर कॅनरी चढाओढीने गातो, हे तिला आणला त्याच दिवशी कळलं होतं.

"लाज नाही वाटत? एवढ्याशा जिवाचा गळा बिघडवतेस?"

"गळा बिघडेल, मरणार नाही. उलट आपटून मरायचा तो वाचलाच."

"हा शुद्ध मत्सर आहे."

"आहे." ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "मादाम, तुम्हाला बहीण आहे?"

"नाही."

"मग गप्प बसा."

मी गप्प बसले, कारण हे त्या दोघींचं होतं, आणि कारण स्लिमानला सांगितलं असतं तर इमारतीत पुढची दहा वर्षं दोन दारं एकमेकांना बंद झाली असती. दहबियाला मात्र रोज जिन्यात बोलत राहिले. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. ती त्या दिवसांत गुणगुणत शिवायची.

थंडी पडली तेव्हा बाशा नव्या पिसांत बाहेर आला आणि गायला लागला. पहिली चिवचिव ठीक. तो सरळ लांब स्वर ठीक. आणि मग पाणी ओतायच्या जागी गुळण्या. स्लिमानने त्याला चहाच्या दुकानात नेणं बंद केलं. विचारलं तर म्हणायचा, सर्दी झाली आहे त्याला. रस्त्यावर माना वर करणारे लोक पांगले. दहबियाला जे हवं होतं ते सगळं मिळालं. चेहरा मात्र मिळालेल्या माणसाचा दिसेना. दिवसभर ती विहिरीकडे कान लावून बसायची, अजून पुरेसा बिघडला की नाही असं तपासत.

त्याच आठवड्यात लुनीस न कळवता आला.

दारात बॅग टाकली आणि रिकाम्या खिळ्याकडे पाहून म्हणाला, "यम्मा, पक्षी?"

"तुझ्या खालाकडे. हवापालटाला."

"पक्ष्याला हवापालट? समोरच्या घरात?"

तो तडक समोर गेला. दहबिया त्याच्या मागे, आणि जिन्यात मी होते म्हणून तिने माझा हात धरून मलाही ओढलं. हुरियाने कॉफी केली, मक्रूतची, खजुराच्या वड्यांची, ताटली ठेवली, भाच्याला दोनदा मिठी मारली. स्लिमान घरीच होता, बूट घालून कुठे पळता येईल का ते बघत होता. लुनीस पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने जिभेने टक टक केलं. बाशाने त्याला ओळखलं म्हणा, लहर आली म्हणा, तो गायला लागला.

लुनीसच्या चेहऱ्यावरचं हसू शेवटच्या स्वराला थांबलं.

"हा कॅनरी आहे," तो म्हणाला. "याच्या गळ्यात कॅनरी आहे. काका, पिसं झडताना याच्याजवळ कॅनरी कोणी ठेवला?"

स्लिमान बुटांकडे बघत राहिला.

"असा शेवट शहरात दुसऱ्या पक्ष्याकडे नव्हता. कोणी ठेवला?"

मी कॉफीचा कप खाली ठेवला. दहबिया ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, जरीकामाच्या सुईने टोचलेली बोटं एकमेकांत घट्ट.

"मी," हुरिया म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मीच रे. मला काय कळतंय पक्ष्यांतलं? एका मैत्रिणीचा कॅनरी सांभाळायला घेतला होता, ठेवला याच्या शेजारी. वाटलं, सोबत होईल."

लुनीस उठला. मला वाटलं ओरडणार. त्याने जाऊन मावशीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "जाऊ दे खाला. तुझ्यावर कोण रागावणार? जिवंत आहे, धष्टपुष्ट आहे. तूच जगवलंस त्याला. यम्माच्या त्या मशीनपाशी तर..." आणि तो थांबला.

उशीर झाला होता.

"खोटं बोलतेय ती!" दहबिया उभी राहिली. मक्रूतची ताटली कलंडली. "कॅनरी मी आणला! माझ्या पैशाने आणला, माझ्या न्हाणीघरात ठेवला, मुद्दाम ठेवला! मशीन चालवून त्याला गायला लावलं! रोज!"

"यम्मा?"

"तू मध्ये बोलू नकोस! हिला विचार! सब्जा हिचा, भाकरी हिची, यम्मा हिच्याकडे आली, पक्षी हिच्याकडे गायला लागला. घे म्हटलं, सगळं घे. आणि आता मी केलेलं पापसुद्धा हिनेच घ्यायचं? आणि त्याबद्दल पोराकडून चुंबन पण हिलाच? नाही! हे माझं आहे! याला कोणी हात लावायचा नाही!"

मी आयुष्यात खूप कबुल्या ऐकल्या आहेत, चाळीस पोरांचा वर्ग होता माझा. पण हेव्यापोटी गुन्हा परत मागणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

कोणाला खरं वाटेना असं वाटलं की काय तिला, ती तरातरा घरी गेली आणि कॅनरीचा पिंजरा आणून मेजावर आदळला. "हा बघा!"

बाशाने तिला पाहिलं आणि पुन्हा तेच, गजांवर छाती, उडालेली पिसं. लुनीसने ते पहिल्यांदा पाहिलं. तो काही म्हणायच्या आत दहबिया आपणहून मागे सरली, पार दारापर्यंत, आणि तिथेच उभी राहिली. पक्षी हळूहळू शांत झाला. ती त्याच्याकडे बघत होती. तेव्हा तिला कळलं असावं. हा पक्षी तिच्याकडे कधीच राहणार नव्हता. हुरियाने काही हिरावून घेतलं नव्हतं.

कळलं म्हणून जळणं थांबतं, असं मात्र कोणी समजू नये.

"मला माहीत होतं ग," हुरिया खाली बघत म्हणाली. "पहिल्याच दिवसापासून. विहिरीतून दुसरा कोणाचा आवाज येणार?"

"मग बोलली का नाहीस? झोंबलं असतं मला जरा!"

"बोलले असते तर तू पक्षी घेऊन गेली असतीस. तुझा मुलगा तुझ्यासाठी बाजारभर फिरून पक्षी आणतो. माझ्यासाठी कोण आणतं, लल्ला? म्हटलं, हा इथे राहिला तर निदान त्याला बघायला लुनीस माझ्याकडे येऊन बसेल."

हुरियालाही आपला हेवा वाटतो, ही गोष्ट दहबियाने इतक्या वर्षांच्या मोजदादीत कधी धरलीच नव्हती. मी तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट पाहिलं, ती मनातल्या मनात सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करायला बसली, आणि या वेळी तो करताना तिला मजा येत होती.

"बाशा इथेच राहू दे," लुनीस म्हणाला. "स्लिमान काका, दुकानात नेऊ नका, लोक हसतील. घरात गाऊ दे."

"मला तर आवडतात त्या गुळण्या," हुरिया म्हणाली. "आधी फार गंभीर गायचा. आता कसा हसल्यासारखा गातो."

दहबियाने दात खाल्ले. बिघडवलेलं गाणंसुद्धा या बाईच्या घरी जाऊन गोड झालं होतं.

मग हुरिया वाकून कॅनरीकडे बघायला लागली. बोट गजातून आत घातलं. तो निर्लज्ज पक्षी लगेच बोटाशी आला. "किती माणसाळलेला आहे ग! लल्ला, हा पण ठेव ना चार दिवस इथे. दोघांना सोबत होईल."

दहबिया दारापासून मेजापर्यंत एका ढांगेत आली. पिंजरा उचलून तिने पोटाशी धरला.

"नाही."

हुरियाला तिने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. शाळा दिली, कराकू दिला, आई दिली. हुरियाने आश्चर्याने वर पाहिलं.

"चारच दिवस, लल्ला."

"चार मिनिटं नाही. हा मशीनवर गातो. तुझ्याकडे मशीन आहे का? नाही ना? मग बस." आणि लुनीसला, "चल घरी, जेवायचंय. तिचं मक्रूत खाऊन पोट भरू नकोस."

लुनीस उठला, पण जाताना मावशीला हळूच म्हणाला, "संध्याकाळी येतो बाशाला बघायला." दहबियाने ते ऐकलं. तिने पिंजरा या काखेतून त्या काखेत घेतला.

कॅनरी आता तिच्या मशीनच्या शेजारी असतो. तिने त्याचं नाव ठेवलं आहे, कोणाला सांगत नाही, हुरियाला कळेल म्हणून. नवऱ्या जाकीट बघायला येतात आणि त्याच्याशीच बोलत बसतात. टरफलं उडू नयेत म्हणून पिंजऱ्याला तिने मखमलीच्या उरलेल्या तुकड्यांची झालर शिवली आहे, जरीची फुलं भरून. परवा दुपारी मशीन जोरात चाललं होतं, कॅनरी त्याच्यावर चढून गात होता, आणि समोर हुरियाने ऐकायला म्हणून स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मशीन थांबलं. विहिरीतून दहबियाचा आवाज आला, वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"हुरिया! खिडकी लाव! माझा पक्षी आहे, फुकट ऐकायचं नाही!"